काजूचं टरफल, ४.८ हा आकडा आणि ‘कचरा’ हा शब्द

पेट पास झाली, गाईड मिळाला, आता सिनॉप्सिससाठी टॉपिक शोधताय? मग एक टॉपिक तुमच्यासमोर आलाच असणार: अमुक कृषी कचऱ्यापासून सक्रिय कार्बन तयार करणं आणि त्याने कार्बन डायऑक्साइड पकडणं. ‘अमुक’च्या जागी काहीही घाला. उसाची चिपाडं, केळीची सालं, भाताचा तूस, कॉफीचा चोथा. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना तर काजूची टरफलं, आंब्याचे बाठे आणि नारळाच्या करवंट्या लगेच सुचतात. भट्टी असते, रसायनं स्वस्त असतात, आकडा चांगला येतो, पेपर छापून होतो.

हा टॉपिक वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप या पेपरांच्या साच्यावर आहे. या साच्यात दोन गोष्टी न तपासता पुढे सरकतात. एक म्हणजे गोषवाऱ्यातला क्षमतेचा आकडा आणि दुसरी म्हणजे ‘कचरा’ हा शब्द. आज या प्रकारातला एक गाजलेला पेपर घेऊ, त्याने काय केलं ते नीट बघू, आणि मग तोच विचार हातखंब्याच्या परिसरात आणून टिकतो का ते पाहू.

हातखंबाच का? कारण इथे प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळजवळ आहेत. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथे भेटतात. आजूबाजूला आंबा, काजू, नारळ आणि भात. आणि जवळच्या निवळीहून जयगडचा रस्ता फुटतो, जिथे जेएसडब्ल्यूचं १२०० मेगावॉटचं कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे. म्हणजे कच्चा माल आणि चिमणी दोन्ही एकाच तालुक्यात.

आधी थोडं मूलभूत

शोषण आणि अधिशोषण यांत गल्लत करू नका, व्हायवात हमखास विचारतात. स्पंज पाणी पितो तसं अमाइनचं द्रावण कार्बन डायऑक्साइड आत ओढून घेतं आणि त्याच्याशी रासायनिक बंध करतं, ते शोषण. सक्रिय कार्बनमध्ये वायूचे रेणू छिद्रांच्या भिंतींना नुसते चिकटतात, ते अधिशोषण. हे चिकटणं कमकुवत असतं. बंधाची ऊर्जा मोलामागे साधारण २० ते ३० किलोज्यूल, तर अमाइनमध्ये ८० च्या पुढे. त्यामुळे कार्बनमधून वायू परत सोडवायला कमी उष्णता लागते. कार्बनची खरी जमेची बाजू ही. पण कमकुवत पकडीचा तोटाही त्यातच आहे: वायू विरळ असेल किंवा गरम असेल तर कार्बन फारसं धरतच नाही.

२०११ चा पेपर

स्पेनमधल्या ओव्हिएदोच्या मार्ता सेव्हिया आणि आंतोनिओ फुएर्तेस यांचा २०११ मधला पेपर या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. त्यांनी स्टार्च, सेल्युलोज आणि निलगिरीचा भुसा घेतला. आधी बंद भांड्यात गरम पाण्याच्या दाबाखाली त्याचा कोळशासारखा पदार्थ केला, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर भट्टीत सक्रिय केला. भुशाचा जो नमुना दुप्पट हायड्रॉक्साइड घेऊन ६०० अंश सेल्सिअसला बनवला, त्याने २५ अंशांना आणि एक बार दाबाला ४.८ मिलिमोल प्रति ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला. वजनाच्या भाषेत हे २१ टक्के. तेव्हा कार्बनसाठी हा फार मोठा आकडा होता.

पेपरचं श्रेय आधी देऊ. त्यांनी नुसता आकडा दिला नाही. नायट्रोजनच्या तुलनेत निवड किती, वायू किती झटपट आत जातो, कार्बन परत वापरता येतो का, हेही तपासलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हायड्रॉक्साइड कमी आणि तापमान कमी ठेवलं की अरुंद छिद्रं मिळतात आणि अरुंद छिद्रंच कामाची, हा धडा दिला. त्याच वर्षी फोल्कर प्रेसर आणि सहकाऱ्यांनी कार्बाइडपासून केलेल्या कार्बनवर हेच वेगळ्या मार्गाने दाखवलं: एक बारला ०.८ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रं महत्त्वाची, आणि ०.१ बारला तर ०.५ पेक्षाही लहान. म्हणजे एकूण पृष्ठफळ हे चुकीचं माप. ‘आमचं बीईटी पृष्ठफळ ३००० चौरस मीटर’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर विचारा, त्यातलं अरुंद छिद्रांचं किती?

अडचण पुढच्या पिढीत झाली. नंतरच्या बऱ्याच पेपरांनी पद्धत उचलली, आकडा उचलला, आणि धडा मागे ठेवला. भुशाच्या जागी दुसरी साल आली आणि ४.८ च्या जवळ जायची शर्यत सुरू झाली. काही गोषवाऱ्यांत तर शून्य अंशाचा आकडा पुढे आणि २५ अंशांचा आतल्या तक्त्यात, कारण थंडीत कार्बन जास्त धरतो. शून्य अंशाची चिमणी कुठे पाहिलीय?

आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

‘शुद्ध कार्बन डायऑक्साइड, कोरडा, २५ अंश, एक बार.’ या अटींत आकडा मोजणं सोपं आहे आणि तुलनेसाठी ते ठीकही आहे. पण कोळशाच्या चिमणीतल्या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो साधारण १२ ते १५ टक्के. म्हणजे त्याचा आंशिक दाब एक बार नाही, ०.१३ च्या आसपास. बाकी बहुतेक नायट्रोजन, वर पाण्याची वाफ, थोडा ऑक्सिजन, सल्फर आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. तापमान ४० अंशांच्या खाली सहसा जात नाही.

या अटींत तोच कार्बन किती धरतो? चांगल्या कार्बनसाठी एक मिलिमोल प्रति ग्रॅम धरा, आणि ते उदारपणे धरलंय. किलोला ४४ ग्रॅम. ४.८ वरून १. आणि अजून पाण्याच्या वाफेने जागा अडवली नाही असं मानून.

दुसरा मुद्दा ‘कार्बन परत वापरता येतो’ या आलेखाचा. पाच किंवा दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत सारख्याच उंचीच्या पट्ट्या. छान दिसतं. पण वायू बाहेर कसा काढला ते वाचा. बऱ्याचदा १५० अंशांना हेलियम किंवा नायट्रोजनचा झोत सोडलेला असतो. त्याने कार्बन स्वच्छ होतो हे खरं. पण कार्बन डायऑक्साइड पुन्हा दुसऱ्या वायूत मिसळला, मग वेगळं केलं काय? वेगळा, शुद्ध वायू हातात यायला हवा असेल तर निर्वात पंप लावून किंवा उष्णता देऊन काढावा लागेल आणि त्याच्या ऊर्जेचा हिशोब द्यावा लागेल.

जयगडचं गणित

आता कागद-पेन घ्या. हा हिशोब अंदाजी आहे, पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढा अंदाज प्रत्येकाने करावा.

१२०० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला १२ लाख युनिट. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तासाला सुमारे १०८० टन. त्यातला ९० टक्के पकडायचा म्हटलं तर ९७० टन. किलोला ४४ ग्रॅम, म्हणजे टनाला ४४ किलो. एक फेरी, म्हणजे भरणं आणि रिकामं करणं, एका तासात होते असं समजा. तर सक्रिय कार्बन लागेल जवळपास २२ हजार टन.

तेवढा कार्बन कुठून आणायचा? महाराष्ट्रात काजू बीचं उत्पादन वर्षाला साधारण दोन लाख टनांच्या घरात आहे. बीच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून थोडा जास्त भाग टरफल. म्हणजे १ लाख ३५ हजार टन टरफल. कोळसा करताना आणि नंतर सक्रिय करताना वजन घटत जातं. शेवटी १५ टक्के हाती आलं तरी चांगलं. म्हणजे २० हजार टन.

बघा, उत्तर गमतीशीर आहे. अशक्य नाही. पण अख्ख्या राज्यातलं एका वर्षाचं टरफल लावलं तर एका वीज केंद्राची एक भरती होते, तीही थोडी कमीच. म्हणजे ती भरती वर्षानुवर्षं टिकली पाहिजे.

याच गणितातून आणखी एक गोष्ट दिसते. फेरी एका तासाऐवजी दहा मिनिटांत झाली तर कार्बन एक षष्ठांश पुरेल. क्षमता १ वरून १.२ वर नेण्यात तीन वर्षं घालवण्यापेक्षा फेरीचा वेग, दाण्याचा आकार, दाण्याची मजबुती आणि दाब किती पडतो यावर काम केलं तर जास्त फरक पडेल. आता स्वतःच्या रेफरन्समधले दहा पेपर उघडा आणि किती जणांनी पावडरऐवजी दाणे मोजलेत ते पाहा.

कर्ज कधी फिटतं?

सक्रिय करताना कोळशाचं वजन घटतं म्हणजे काय होतं? त्यातला कार्बन हवेत जातो. समजा ३० किलो कोळशातून १५ किलो सक्रिय कार्बन मिळाला. प्रत्येक किलोमागे एक किलो कोळसा गेला. कोळशात ८० टक्के कार्बन धरला तर त्यातून २.९ किलो कार्बन डायऑक्साइड बनतो. तोच कोळसा सक्रिय न करता सरळ शेतात बायोचार म्हणून पुरला असता तर त्यातला मोठा भाग दीर्घकाळ मातीत राहिला असता.

म्हणजे एक किलो सक्रिय कार्बन जन्मतःच २.९ किलोचं कर्ज घेऊन येतो. फेरीला ४४ ग्रॅम फेडायचे तर ६६-६७ फेऱ्या. तासाला एक फेरी धरली तर तीन दिवसांच्या आत. म्हणजे कर्ज मोठं नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण पेपरातल्या पाच-दहा फेऱ्यांत ते फिटलेलं नसतं. भट्टीची वीज आणि रसायनं यात धरलेलीच नाहीत. शिवाय पकडलेला वायू कुठेतरी कायमचा ठेवला तरच ही फेड खरी. म्हणून ‘शाश्वत’ हा शब्द शीर्षकात घालायचा असेल तर ओल्या, सल्फर असलेल्या वायूत किमान शंभरेक फेऱ्या दाखवा.

कचरा कुणाचा?

आता दुसरा शब्द. काजूचं टरफल कचरा आहे असं पेपरच्या पहिल्या परिच्छेदात लिहून मोकळं होता येतं. काजू कारखान्यात जाऊन बघितलं तर चित्र वेगळं. बी वाफवायला बॉयलर लागतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यात टरफलंच जळतात. टरफलातलं तेल काढून विकलं जातं. रंग, रेझिन आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात ते वापरतात. तुम्ही टरफलं उचलून नेलीत तर कारखानदार बॉयलरमध्ये काय घालणार? लाकूड. कोकणातल्या खासगी जंगलातलं लाकूड. तो धूर तुमच्या तक्त्यात कुठे आहे?

तेलाचा आणखी एक पैलू आहे. त्यात ॲनाकार्डिक आम्ल असतं, कातडी भाजते. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितलेत तर वेगळं सांगायला नको. तेलासकट टरफल भट्टीत टाकलं की तीच वाफ बाहेर येते. म्हणजे खरा कच्चा माल असायला हवा तेल काढून उरलेली पेंड, आणि पेपरात तसं स्पष्ट लिहायला हवं. नुसतं ‘स्थानिक बाजारातून टरफल आणलं’ एवढं पुरेसं नाही.

बाकीच्यांचंही तेच. करवंटी चुलीत जाते, आणि दक्षिण भारतात तिच्यापासून वाफेने सक्रिय कार्बन करण्याचा धंदा आधीपासून चालू आहे. तो बाजारातला कार्बन २५ अंश आणि एक बारला सहसा दोन ते तीन मिलिमोल धरतो. तुमच्या पेपरात तुलनेला तो हवा. पेंढा गुरं खातात. आंब्याचे बाठे मात्र कॅनिंगच्या दिवसांत ढिगाने पडतात. पण ते मे-जूनमधले काही आठवडे, आणि लगेच पाऊस. ओले बाठे दोन दिवसांत कुजायला लागतात, जूनमध्ये रत्नागिरीत वाळवणार कुठे? भट्टी वर्षभर चालवायची आणि माल महिनाभर. हाही संशोधनाचाच प्रश्न आहे, फक्त त्याला ग्लॅमर नाही.

पोटॅश आणि पाणी

पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं काम भट्टीत जोरदार असतं. ४०० अंशांच्या पुढे ते कार्बनशी भिडतं, पोटॅशियम कार्बोनेट आणि धातुरूप पोटॅशियम तयार होतं, तेच छिद्रं कोरतं. भट्टीचं पोलाद खातं. आणि पोटॅश भारतात जवळजवळ सगळं आयात होतं. किलोला दोन किलो हायड्रॉक्साइड लावणारा पदार्थ ‘स्थानिक’ कसा?

मग धुणं. आम्लाने, मग पाण्याने, सामू सात येईपर्यंत. प्रयोगशाळेत दोन ग्रॅमला एक-दोन लिटर पाणी गेलं तर कुणाला कळत नाही. टनांत गेलात की खारं पाणी कुठे सोडणार? आपला जांभा पाणी धरत नाही. धो-धो पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतात. त्याच जांभ्यातून हे पाणी विहिरीत उतरणार.

यावर मार्ग आहेत. वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडनेच सक्रिय करणं, रसायन परत मिळवणं, किंवा कच्च्या मालातल्या क्षारांचाच उपयोग करणं. शेवटच्या मार्गाचं छान उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं आहे. सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गळलेल्या पानांपासून, वेगळं सक्रियकरण न करता, एकाच टप्प्यात सच्छिद्र कार्बन केला. तो सुपरकपॅसिटरसाठी होता, वायूसाठी नाही. पण विचार बघा: आधी पानात काय आहे ते पाहिलं आणि मग कृती ठरवली. साच्यातले पेपर उलट जातात. कृती ठरलेली, फक्त साल बदलायची.

मग टॉपिक सोडायचा?

सोडू नका, प्रश्न बदला. हातखंब्याच्या तिठ्यावरून एक वाट जयगडकडे जाते तशी दुसरी आंबा घाटातून कोल्हापूरकडे जाते, साखर कारखान्यांच्या मुलखात. तिथे प्रेसमड आणि मळीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस होतो. २०१८ च्या सतत योजनेपासून तो शुद्ध करून इंधन म्हणून विकण्याला जोर आलाय. बायोगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो शुद्ध करताना दाबाखालीच असतो. पाच बार दाब धरला तर कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब दोन बार. म्हणजे जो कार्बन चिमणीपुढे दुबळा पडतो, तो इथे भरपूर काम करू शकतो. वायूचं प्रमाणही हजारपटींनी कमी, म्हणजे तालुक्यातली पेंड पुरू शकेल.

इथेही सोपं काही नाही. आधी हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो. आणि कार्बन मिथेनलाही धरतो. कार्बन डायऑक्साइड सोडताना सोबत मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो टनामागे जवळपास २८ पट तापदायक. म्हणून इथे गोषवाऱ्यात यायला हवा तो आकडा मिथेन किती टक्के वाया गेला याचा. पण हा आकडा खऱ्या संयंत्राने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सिनॉप्सिस लिहिताना, किंवा दुसऱ्याचा पेपर वाचताना, एवढं कागदावर लिहून काढा:

१. हा माल आज कोण वापरतं, आणि मी नेला तर ते काय वापरतील?
२. वर्षात किती महिने मिळतो, किती ओला?
३. माझा वायू कुठून येतो, त्यात कार्बन डायऑक्साइड किती टक्के, तापमान किती, वाफ किती?
४. त्या अटींत, मिश्र वायूत, दाण्याच्या रूपात क्षमता किती?
५. वायू बाहेर कसा काढणार आणि तो किती शुद्ध मिळणार?
६. बाजारातला करवंटीचा कार्बन त्याच यंत्रावर किती देतो?
७. एक किलो बनवायला किती रसायन, किती पाणी, आणि ते पाणी कुठे?

सातही उत्तरं पहिल्या दिवशी मिळणार नाहीत. तीन जरी मिळाली तरी तुमचा टॉपिक इतरांपेक्षा पुढे असेल. आणि एखाद्या उत्तराने टॉपिकच मोडला तर तो सिनॉप्सिसमध्येच मोडू दे. चौथ्या वर्षी, भट्टी गंजल्यावर आणि फेलोशिप संपत आल्यावर मोडण्यापेक्षा ते खूप बरं.